काइटबोर्डिंग : पतंगाच्या आकाराचे गणित

पायाला बांधलेली फळी, कमरेला हार्नेस नावाचा रुंद पट्टा आणि त्या पट्ट्याला वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी जोडलेला मोठा पतंग, एवढ्या साहित्यावर समुद्राच्या पाण्यावरून वेगाने घसरत जाण्याचा खेळ म्हणजे काइटबोर्डिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात या खेळाच्या शर्यती प्रथमच झाल्या. भारतात गोव्यातील मोरजी व आश्वे आणि तामिळनाडूतील रामेश्वरम या किनाऱ्यांवर हा खेळ शिकता येतो. प्राथमिक धडे पूर्ण झाल्यावर स्वतःचे साहित्य घेण्याची वेळ येते आणि पहिला प्रश्न उभा राहतो : पतंग किती मोठा घ्यावा?

संक्रांतीच्या पतंगाबाबत हा प्रश्न हौसेचा असतो. येथे तो सुरक्षिततेचा आहे. वाऱ्याच्या मानाने मोठा असलेला पतंग माणसाला किनाऱ्यावरून उचलून खडकावर, झाडावर किंवा भिंतीवर आपटू शकतो. वाऱ्याच्या मानाने लहान असलेला पतंग पाण्यात पडतो, पुन्हा उठत नाही आणि स्वार किनाऱ्यापासून दूर वाहत जातो. एकच पतंग सर्व वाऱ्यांत चालत नाही, म्हणून या खेळात पतंगांचा संच बाळगावा लागतो. तो संच कसा ठरवावा याचे तक्ते उत्पादक देतात. मात्र त्यांतील बहुतेक तक्ते सुमारे ७५ किलो वजनाचा स्वार गृहीत धरून केलेले असतात. पन्नास-साठ किलो वजनाच्या तरुणीने वा तरुणाने तोच तक्ता जसाच्या तसा मानला, तर पहिल्याच खरेदीत चूक होते, आणि ती चूक जिवावर बेतू शकते.

आकार म्हणजे काय?

काइटबोर्डिंगच्या पतंगाचा आकार चौरस मीटरमध्ये सांगतात. ‘बारा’चा पतंग म्हणजे बारा चौरस मीटर कापडाचा पतंग. बहुतेक उत्पादक कापड सपाट पसरले असता होणारे क्षेत्रफळ देतात. हवेत पतंगाला कमानीसारखा बाक येतो आणि वाऱ्याला प्रत्यक्ष सामोरे जाणारे क्षेत्रफळ त्यापेक्षा बरेच कमी भरते. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा खोल बाक असलेल्या पतंगात ही घट अधिक, तर उथळ बाक असलेल्या पतंगात कमी असते. त्यामुळे दोन वेगळ्या बनावटींचे ‘बारा’चे पतंग सारखीच ओढ देतील असे नाही. आकड्याइतकीच बनावटही पाहावी लागते.

हवा भरून फुगवायची अग्रनळी असलेला आणि पाण्यात पडूनही पुन्हा उडवता येणारा पतंग ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील बंधूंनी विकसित केला. त्याचे एकस्व त्यांनी १९८४ मध्ये मागितले. खेळ म्हणून त्याचा प्रसार मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. त्या काळातील ‘सी’ आकाराच्या पतंगांची ओढ कमी-जास्त करण्याची सोय तुटपुंजी होती. त्यामुळे एक पतंग वाऱ्याच्या फार अरुंद पट्ट्यात चाले आणि स्वाराला चार-पाच पतंग बाळगावे लागत. २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यू यांच्याच रचनेवर आधारलेले धनुष्याकृती पतंग बाजारात आले. त्यांत हातातील दांडा पुढे ढकलला की पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन बदलतो आणि ओढ बरीचशी ओसरते. साध्या पतंगाला ढील देताना दोरी लांबते. येथे दोरीची लांबी तीच राहते, फक्त पतंग कलतो. या सुधारणेनंतर दोन-तीन पतंगांत हंगाम निभावणे शक्य झाले.

वाऱ्याचा वर्ग

पतंगाची ओढ तीन गोष्टींवर अवलंबून असते : पतंगाचे क्षेत्रफळ, हवेची घनता आणि वाऱ्याचा वेग. क्षेत्रफळ दुप्पट झाले तर ओढ दुप्पट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर मात्र ओढ चौपट होते, कारण ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ नॉटचा वारा अचानक २२ नॉट झाला, तर अंगाला जाणवणारा फरक थोडा असतो. पतंगाची ओढ मात्र दुपटीहून अधिक झालेली असते. या खेळातील बहुतेक गंभीर प्रसंगांच्या मुळाशी हेच गणित असते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.)

याच हिशेबाने पाहिले तर १५ नॉटला बाराचा पतंग लागत असेल, तर २५ नॉटला सव्वाचार चौरस मीटर पुरायला हवेत. प्रत्यक्षात तेवढ्या वाऱ्यात तोच स्वार सातच्या आसपासचा पतंग वापरतो. या फरकाची कारणे आहेत. मंद वाऱ्यात स्वार पतंगाला आकाशात वर-खाली गोते देतो. पतंग स्वतः हालल्यामुळे त्याला लागणारा वारा वाढतो आणि कमी आकारातही काम भागते. मंद वाऱ्यात मोठी फळीही घेता येते. उलट जोराच्या वाऱ्यात फळीची कड पाण्यात रोवून अधिक ओढ पेलता येते आणि दांडा पुढे ढकलून उरलेली ओढ सोडून देता येते. त्यामुळे व्यवहारात वाऱ्याचा वेग जितक्या पटीने वाढतो, साधारणतः तितक्याच पटीने पतंगाचा आकार कमी केला जातो.

हवेच्या घनतेचाही थोडा वाटा आहे. पाच अंश सेल्सिअसची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के घन असते. स्वित्झर्लंडमधील सिल्वाप्लाना सरोवर सुमारे १,७९० मीटर उंचीवर आहे. तेथे विरळ हवेमुळे समुद्रसपाटीपेक्षा ओढ सुमारे १५ टक्के कमी मिळते आणि पतंग थोडा मोठा घ्यावा लागतो.

वजनाचा हिशेब

प्रचलित ढोबळ नियम असा : स्वाराचे किलोतील वजन २.२ ने गुणावे आणि वाऱ्याच्या नॉटमधील वेगाने भागावे. येणारा आकडा म्हणजे पतंगाचे चौरस मीटर. नेहमीची दोन्ही टोके सारखी असलेली फळी आणि मध्यम कौशल्याचा स्वार गृहीत धरून हा हिशेब केलेला आहे. त्यावरून येणारे आकार साधारणतः पुढीलप्रमाणे :

५५ किलो – १२ नॉटला १०, १६ नॉटला ७.५, २० नॉटला ६, २५ नॉटला ५ चौ. मी.
६५ किलो – १२ नॉटला १२, १६ नॉटला ९, २० नॉटला ७, २५ नॉटला ५.५ चौ. मी.
७५ किलो – १२ नॉटला १४, १६ नॉटला १०, २० नॉटला ८, २५ नॉटला ६.५ चौ. मी.
९० किलो – १२ नॉटला १६.५, १६ नॉटला १२.५, २० नॉटला १०, २५ नॉटला ८ चौ. मी.

या आकड्यांचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. ७५ किलोचा स्वार १४ नॉटला बाराचा पतंग आरामात वापरतो. ५५ किलोच्या मैत्रिणीने तोच पतंग मागून घेतला आणि दरम्यान वारा १६ नॉट झाला, तर तिला लागणारा पतंग साडेसातचा आणि हातात असलेला बाराचा, म्हणजे गरजेपेक्षा साठ टक्के मोठा. किनाऱ्यावर ‘आज सगळे बाराचेच उडवत आहेत’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. त्या ‘सगळ्यां’चे वजन किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दुसऱ्याचा पतंग पाहून आपला आकार ठरवायचा असेल, तर आपले वजन भागिले त्याचे वजन, हे गुणोत्तर त्याच्या पतंगाला लावावे. या उदाहरणात ५५ भागिले ७५ म्हणजे ०.७३, बाराचे जवळजवळ नऊ होतात, आणि वारा वाढल्यावर त्याहूनही कमी.

वजन मोजताना ओला सूट, हार्नेस आणि जीवरक्षक जाकीट यांचे दोन-तीन किलो धरले तरी चालतात, परंतु त्यासाठी पतंगाचा आकार वाढवण्याची गरज नसते. शिकाऊ व्यक्तीने तर तक्त्यापेक्षा एक आकार लहानच घ्यावा. पतंग आकाशात डोक्यावर असताना त्याची ओढ कमी असते. वाऱ्याच्या दिशेने समोर खाली आला की ती सर्वाधिक होते. नवख्याच्या हातून पतंग नेमका तेथेच घसरतो.

दोन पतंगांमधील अंतर

संच ठरवताना अनेकजण आकारांतील फरक चौरस मीटरमध्ये मोजतात आणि ‘प्रत्येकी दोनचा फरक’ असा सरसकट नियम लावतात. फरक गुणोत्तरात मोजणे अधिक योग्य. पाच आणि सात यांतील दोन चौरस मीटरचा फरक मोठा आहे. तेरा आणि पंधरा यांतील तेवढाच फरक जेमतेम जाणवतो. लहान पतंग त्याच्या लगतच्या मोठ्या पतंगाच्या साधारणतः पाऊण पट असावा. असे केल्यास प्रत्येक पतंगाचा वाऱ्याचा पट्टा शेजारच्या पतंगाच्या पट्ट्यावर थोडा चढतो. वारा बदलला तरी मधे रिकामी जागा राहत नाही आणि दोन पतंग एकाच कामाचे ठरत नाहीत.

या नियमाने ७५ किलोच्या स्वाराचा तीन पतंगांचा संच ७-९-१२ असा येतो. बाराचा पतंग १२ ते १८ नॉट, नऊचा १६ ते २३ आणि सातचा २० ते २८ नॉटपर्यंत उपयोगी पडतो. ५५ किलोसाठी तोच संच ५-७-९ होतो आणि ९० किलोसाठी ८-११-१४. दोनच पतंग घ्यायचे असतील तर ७५ किलोच्या स्वाराने ८ आणि १२ घ्यावेत. त्यांतील अंतर थोडे अधिक आहे, परंतु धनुष्याकृती पतंगांच्या रुंद पट्ट्यामुळे ते चालते. दहा आणि बारा अशी जोडी मात्र पैशाचा अपव्यय होय.

पट्ट्याच्या वरच्या टोकाबाबत सावध राहावे. ‘हा पतंग तीस नॉटपर्यंत चालतो’ असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते सराईत स्वाराला आणि स्थिर वाऱ्याला लागू असते. मोठा पतंग हळू वळतो, लहान पतंग चपळ असतो. वरच्या टोकाला ताणलेला मोठा पतंग केवळ जास्त ओढतो असे नाही, तर तो वेळेवर वळवून सावरताही येत नाही.

फळी बदलली की संच बदलतो

१३० ते १४० सेंटिमीटर लांबीची नेहमीची फळी गृहीत धरून वरील हिशेब आहेत. मंद वाऱ्यासाठी दीडशे-साठ सेंटिमीटरची रुंद फळी मिळते. तिच्यामुळे एक आकार लहान पतंगावर भागते. मोठा पतंग घेण्याआधी मोठी फळी घ्यावी, असा सल्ला अनुभवी प्रशिक्षक देतात, कारण ती स्वस्त असते आणि वारा वाढल्यावर स्वाराला उचलून नेत नाही.

हायड्रोफॉइलने तर सारी समीकरणेच बदलली. फळीखाली खांबाला लावलेले हे पाण्यातील पंख वेग येताच फळी पाण्याबाहेर उचलतात आणि पाण्याचा अवरोध एकदम कमी होतो. ७५ किलोचा स्वार फॉइलवर आठ-दहा नॉटलाही नऊ ते बाराच्या पतंगावर फिरतो. त्या वाऱ्यात साध्या फळीला सतरा-अठराचा पतंगही अपुरा पडावा. ऑलिम्पिक शर्यतीत अत्यंत मंद वाऱ्यासाठी वीस चौरस मीटरहून मोठे, पॅराग्लायडरसारख्या हवेच्या कप्प्यांचे पतंग वापरतात. ते शर्यतीचे हत्यार आहे, हौशी संचाचा भाग नव्हे.

ठिकाण तसा संच

वजन कळले, गुणोत्तर कळले, तरी संच पूर्ण होत नाही. तो कोठे वापरायचा हे ठरवावे लागते.

गोव्यात मोरजी-आश्वे परिसरात उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या महिन्यांत दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे वाहतात. त्यांचा वेग बहुधा १० ते १५ नॉट असतो. ७५ किलोच्या स्वाराला येथे १२ आणि १५, तर ५५ किलोच्या स्वाराला ९ आणि ११ हे आकार कामाचे. सातचा पतंग येथे बहुतेक दिवस पिशवीतच राहील. फॉइल येत असेल तर पंधराचा पतंग घेण्याचे कारण उरत नाही. पावसाळ्यात कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वारा भरपूर असतो. परंतु तो झोतांचा, सरींबरोबर अचानक वाढणारा आणि थेट किनाऱ्यावर चाल करून येणारा असतो, शिवाय समुद्र खवळलेला. योग्य आकाराचा पतंग हे त्यावरील उत्तर नव्हे.

पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचे आखात यांच्यामध्ये असलेल्या रामेश्वरमला दोन हंगाम मिळतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात वारा जोराचा, तर हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांच्या काळात त्या मानाने मऊ असतो. वर्षभर तेथे जाणाऱ्यास ७-९-१२ हा पूर्ण संच, अथवा त्याचे वजनानुसार रूप, उपयोगी पडते.

श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कल्पितिया येथे मे ते सप्टेंबरच्या दरम्यान नैऋत्येचा वारा १८ ते २५ नॉटच्या घरात असतो. ७५ किलोच्या स्वाराचे तेथे ७ आणि ९ या दोन पतंगांत भागते. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या ब्लाउबर्ग किनाऱ्यावर तेथील उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा २५-३० नॉटवर जातो. तेथे तोच स्वार ९, ७ आणि ५ घेऊन जातो, आणि ५५ किलोचा ७, ५ आणि ४. गोव्यात बाराचा पतंग ‘नेहमीचा’ असतो. केप टाऊनच्या ऐन वाऱ्यात तो उघडणेही धोक्याचे. इतरत्र राहणाऱ्या स्वारांचा संच पाहून खरेदी करू नये, ती याच कारणासाठी.

वारा वाचणे

आकार वाऱ्यावर ठरत असेल, तर वारा अचूक मोजता आला पाहिजे. हवामानाच्या अंदाजातील वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीचा आणि काही काळाची सरासरी असतो. पतंग त्याहून उंच उडतो आणि तेथे वारा बहुधा अधिक असतो. हातातील वाऱ्यामापकाने मोजायचे असेल तर माडांच्या वा घरांच्या आडोशाला न मोजता पाण्याच्या कडेला, हात उंच करून, काही मिनिटे मोजावे. सरासरीइतकेच लक्ष सर्वांत मोठ्या झोताकडे द्यावे.

भारतीय हवामान विभागाचे मच्छीमारांसाठीचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये असतात. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५’ असे म्हटले असेल, तर त्याचा अर्थ २४ ते ३० नॉट आणि झोत ३५ नॉट असा होतो. २५ वरून ३५ वर गेलेल्या झोतात ओढ जवळजवळ दुप्पट होते. असा इशारा असताना मच्छीमार होड्या किनाऱ्याला लावतात. पतंगाचा आकार शोधत बसण्याचा तो दिवस नसतो.

उपकरण नसेल तर समुद्र स्वतः सांगतो. बोफोर्ट मापनानुसार ७ ते १० नॉटला लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसतो, ११ ते १६ नॉटला तो बऱ्याच ठिकाणी दिसतो, १७ ते २१ नॉटला सर्वत्र पसरतो आणि त्यापुढे तुषार उडू लागतात. दूरवर पाण्याचा रंग गडद होऊन तो पट्टा जवळ सरकत असेल, तर जोराचा झोत येत आहे असे समजावे.

खरेदीचा क्रम

संच एकदम घेऊ नये. आपल्या नेहमीच्या किनाऱ्यावर सर्वाधिक दिवस जो वारा असतो, त्याला साजेसा मधला पतंग प्रथम घ्यावा. त्यावर एक हंगाम काढल्यावर किती दिवस वारा कमी पडला आणि किती दिवस तो अति झाला, हे आपोआप कळते. दुसरा पतंग त्या उत्तरावर ठरवावा. वजन कमी असलेल्यांनी लहान बाजूकडून, म्हणजे सहा-सातपासून सुरुवात केल्यास तो पतंग अधिक ठिकाणी उपयोगी पडतो.

जुना पतंग घेताना कापड बोटांत घासून पाहावे. नवे कापड कडक वाजते, उन्हात मेलेले मऊ पडते आणि त्यातून हवा झिरपते. नळ्यांत हवा भरून काही तास ठेवून पाहावे. चारही दोऱ्या एका खुंटीला लावून ताणून त्यांची लांबी समान आहे का हे तपासावे. कमी-जास्त ताणलेल्या दोऱ्यांनी पतंग एका बाजूला खेचतो. संकटसमयी पतंग सोडून देणारी कळ वाळूने अडकलेली नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. जुना, पण योग्य आकाराचा पतंग हा नव्या, पण चुकीच्या आकाराच्या पतंगापेक्षा केव्हाही बरा.

किनाऱ्यावर उभे असताना दोन आकारांमध्ये निवड होत नसेल, वारा वाढण्याच्या बेतात असेल किंवा झोतांचा असेल, तर लहान पतंग उघडावा. वारा पडत चालला असेल किंवा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल, तर लहान पतंगही उघडू नये; कारण तेथे धोका ओढीचा नसून परत न येण्याचा आहे. लहान पतंगावर पाण्यात उभे राहता आले नाही तर एक दुपार वाया जाते. मोठा पतंग आवरला नाही तर काय जाते, हे पतंग उघडण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.